भिंगातली मीटिंग

मेहुण्याने एक बटण दाबलं आणि वेलांटीकाकांच्या समोर स्क्रीनभर एक जाडजूड दांडा उभा राहिला.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"काना," मेहुणा म्हणाला.

"कशाचा?"

"असेल कुठल्यातरी अक्षराचा. अक्षर डावीकडे राहिलंय. माऊस हलवा, येईल."

काकांनी माऊस हलवला. काना सुसाट उजवीकडे निघून गेला. त्याच्या मागोमाग एक भलामोठा गोल गेला, एक वेलांटी झोकांड्या खात गेली आणि मग काहीच येईना. नुसतं पांढरंफटक. खुर्चीमागे उभ्या असलेल्या काकूंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मला बोट लागल्यासारखं होतंय," त्या म्हणाल्या.

"सवय होते, ताई," मेहुणा म्हणाला. त्याला स्वतःला मुळीच सवय झालेली नव्हती. तो खिडकीबाहेर बघून बोलत होता.

वेलांटीकाका हे त्यांना कचेरीने दिलेलं नाव. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत ते मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायला जाण्याआधी पानन् पान वाचून त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी दिसली की कुणीतरी आपल्या ताटात पाय दिल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. अशा माणसाच्या डोळ्यांत गेल्या काही वर्षांत मधोमध एक डाग येऊन बसला होता. कडेचं सगळं दिसायचं, पण जिथे बघावं तिथे नेमकं काही नसायचं. समोर कुणी येऊन बसलं की त्याचे दोन्ही कान स्वच्छ दिसायचे आणि मधला माणूस गायब.

"चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले होते. "अक्षरंच मोठी करून वाचायला शिका."

काकांनी ही गोष्ट घरात सांगितली आणि कचेरीत गिळली. गिळायला कारण होतं. त्यांच्या आधीच्या मुद्रितशोधकाचे डोळे अधू झाले, तेव्हा कचेरीने फार प्रेमाने, चार भाषणं करून त्याला घरी पाठवलं होतं. ते प्रेम काका विसरले नव्हते. म्हणून ते सगळ्यांच्या आधी कचेरीत जात, खणात लपवलेलं हातभिंग काढत आणि कागदाला नाक लावून कामाचा फडशा पाडत. दिवसभर मग नुसतं पेन्सिल कानामागे खोवून विचारात पडल्यासारखं बसत.

ही घडी नव्या मुख्य संपादक बाईंनी मोडली. बाईंनी एक दिवस जाहीर केलं की, यापुढे कागद बंद, सगळी मुद्रितं स्क्रीनवर वाचायची. कचेरीत रंगकाम चालू असल्यामुळे गुरुवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या घरून संगणकावरच्या मीटिंगला हजर राहायचं, तिथे कामाची वाटणी होईल. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. कागदाला नाक लावता येतं. स्क्रीनला नाक लावलं तर समोरच्या कॅमेऱ्यात सगळ्या कचेरीला नुसतं नाकच दिसणार.

तेव्हा काकूंनी आपल्या भावाला बोलावून घेतलं. तो पाण्याचे पंप विकायचा. संगणकातलं त्याला फार कळत होतं असं नाही, पण तो संगणकाला घाबरत नव्हता, आणि त्या घरात तेवढ्यावर तज्ज्ञ ठरता येत होतं.

"भाऊजी, संगणकात भिंग आतच असतं," तो म्हणाला होता. "कुणाला पत्ता लागत नाही."

आता भिंग लागलं होतं, ते सोळापट. शिवाय काळ्यावर पांढरी अक्षरं डोळ्यांना बरी म्हणून त्याने सगळे रंग उलटे करून टाकले. पांढरं ते काळं झालं, निळं ते नारिंगी. वर, न मागता, स्क्रीनवर जे येईल ते वाचून दाखवणारा एक आवाजही चालू केला. हा आवाज एका बाईचा होता आणि ती फक्त इंग्रजी बोलायची, तेही कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखं.

"थोडं लहान नाही का करता येणार?" काकांनी विचारलं.

"येतं की. एकदम सोपं आहे," मेहुणा म्हणाला आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणाचा तरी पंप उलटा फिरत होता. त्याने बुटात पाय घालता घालता माऊस एका जागी नेऊन ठेवला. "हे नारिंगी दिसतंय ना? दहा वाजता फक्त ते दाबा. मीटिंगमध्ये जायचं का विचारेल, हो म्हणा. बाकी कशाला हात लावू नका."

"अरे, पण लहान कसं..."

जिन्यात बुटांचा आवाज लहान लहान होत गेला. तेवढंच काय ते लहान झालं.

दहा वाजता काकांनी देवाचं नाव घेऊन नारिंगी दाबलं. नारिंगी गेलं. संगणकातली बाई काहीतरी बरळली. काकांना त्यातलं 'मीटिंग' एवढंच कळलं, म्हणून त्यांनी आणखी एकदा दाबलं. ती पुन्हा बरळली. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं. आता ती थांबेचना. कुणाकुणाची नावं घेतल्यासारखी एका दमात बोलत सुटली.

"आधी ही बया गप्प कर," काका म्हणाले. "हिच्यापायी मला मीटिंग सापडायची नाही."

काकूंनी टेबलाखाली वाकून स्पीकरची वायर उपटली. खोलीत शांतता झाली.

"आता काय दिसतंय तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"निळं."

"निळं म्हणजे?"

"आभाळासारखं. मधेच जरा गडद होतंय, परत फिकं होतंय. तुला काय दिसतंय?"

काकूंनी चष्मा सरसा केला. "मलाही निळंच दिसतंय. आणि ते हलतंय."

"हलणारच. अजून आत शिरायचंय ना. दार उघडेपर्यंत असं काहीतरी दाखवत असतील."

"एक पांढरा ठिपका आहे बघा त्या निळ्यात. उजवीकडे."

"धूळ असेल."

काकूंनी फडकं आणलं आणि स्क्रीन पुसली. ठिपका जाईना. त्यांनी फडक्याचं टोक ओलं केलं आणि घासून पुसला. ठिपका जरा वर सरकला, खाली आला आणि पुन्हा स्थिर झाला.

"आतला आहे," त्या म्हणाल्या. "बटण असेल. दाबून बघा."

काकांनी दाबलं. काही झालं नाही. त्यांनी दोनदा पटपट दाबलं. निळं सगळं एकदम मागे गेलं आणि त्या जागी काळ्या दातेरी पट्टीसारखं काहीतरी क्षणभर चमकून गेलं.

"बिघडवलंत," काकू म्हणाल्या.

"मी काही केलं नाही. त्या ठिपक्यालाच दाबतोय."

"दहा वाजून गेले. तिकडे ती तुमची बाई काय म्हणत असेल?"

हा प्रश्न काकूंनी विचारायला नको होता. काका आधीच मेटाकुटीला आले होते. ते खुर्चीत मागे रेलले आणि एवढ्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं.

"काय म्हणणार? म्हणेल, म्हातारा आला नाही, बरं झालं. अगं, मला दिसत नाही, हे मी किती दिवस लपवणार आहे? कागद होता तोवर निभावलं. आता संपलं. कुणी विचारलं तर सांगता येत नाही आणि नाही सांगितलं तर काम करता येत नाही. आणि हे कागद बंद करायचं खूळ कुणाचं? बाईंचं. कारण माहीत आहे? त्यांना स्वतःचं शुद्धलेखन झाकायचंय. स्क्रीनवर चुकांखाली लाल रेघ मारून दाखवतात म्हणे. त्यांना ऱ्हस्व-दीर्घाचा गंध नाही. 'सहानुभूती' हा शब्द त्यांनी आयुष्यात एकदाही बरोबर लिहिलेला नाही. फलकावर त्यांची सूचना लागली की मी सकाळी आधी जाऊन पेनाने गुपचूप दुरुस्त करतो, कचेरीची लाज राखायला. आणि ही बाई माझ्या कामाची वाटणी करणार."

"हळू बोला."

"इथे कोण ऐकतंय?"

काकूंचा मोबाईल वाजला. कचेरीतला मांडणीवाला होता, पुस्तकांची पानं लावणारा. काकूंनी त्याला एकदा चहा पाजला होता, तेवढीच ओळख.

"काका आहेत का?" त्याने अगदी हळू विचारलं.

"आहेत, पण ते मीटिंगला जायच्या गडबडीत आहेत."

"ते मीटिंगमध्येच आहेत, काकू."

काकूंनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"'आधी ही बया गप्प कर' पासून."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका पुन्हा त्या ठिपक्याच्या मागे लागले होते.

"आम्ही सगळे ओरडून सांगतोय, पण तुम्हाला ऐकू येत नाहीये," मांडणीवाला म्हणाला. "तुमचा आवाज बंद करायचं बटण फक्त बाईंकडे आहे आणि त्यांना ते सापडत नाहीये. आम्हाला माहीत होतं कुठे आहे ते. पण तोवर सहानुभूतीचा विषय निघाला होता, म्हणून कुणी सांगितलं नाही."

"ते निळं..." काकू म्हणाल्या.

"रंग उलटे झाले असणार तुमचे. तो बहुतेक बाईंचा गाल असावा. ठिपका म्हणजे तीळ. काकांना म्हणावं, तो दाबू नका, आणि तुम्ही ते फडकं जरा खाली ठेवा."

काकूंनी फडकं खाली ठेवलं. मग त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. काकांचा माऊसवरचा हात तिथेच राहिला. नोकरी लागल्यापासून आजवर त्यांनी मरणाचा विचार बऱ्याचदा केला होता, पण तो लांबचा, विम्याच्या संदर्भातला. आत्ता मात्र मरण चटकन, इथल्या इथे, खुर्चीतच यावं असं त्यांना वाटलं. ते आलं नाही. लक्षात आलं ते एवढंच की, शर्टाचं वरचं बटण उघडं आहे. त्यांनी ते लावलं.

"वायर लाव," ते म्हणाले.

"नका लावायला सांगू. असेच उठू या. म्हणू, वीज गेली."

"लाव. जे काय सुनावायचंय ते बाईंना सुनावू दे. एकदाचं होऊन जाऊ दे."

काकू टेबलाखाली गेल्या. वायर बसली. आधी संगणकातल्या बाईने एक इंग्रजी वाक्य पुरं केलं आणि तिच्या पाठोपाठ खऱ्या बाईंचा आवाज आला.

"काका, आता ऐकू येतंय का?"

"येतंय." काका उभे राहिले. उभं राहिल्यावर कॅमेऱ्यात आपलं पोट येत असेल हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "बाई, मी आजच राजीनामा पाठवतो. तुम्ही काही बोलायच्या आत मीच सांगतो, मला दिसत नाही."

"ते माहीत आहे आम्हाला."

"आत्ताच ऐकलंत म्हणून."

"नाही हो. मी कामाला लागले त्याच आठवड्यात तुम्ही कोट अडकवायच्या खुंटीला 'या, बसा' म्हणालात. मी मांडणीवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, सगळ्यांनाच माहीत आहे, पण काकांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल. तुमच्या नाकावर रोज शाई असते, काका."

काकांचा हात नाकाकडे गेला.

"मी तपासलेलं पान पुन्हा कुणी वाचतं का?" त्यांनी विचारलं. मुद्रितशोधकाला याहून वाईट प्रश्न नाही.

"नाही. त्यात काही सापडत नाही. म्हणून तर तुम्हाला सोडायचं नव्हतं," बाई म्हणाल्या. "कागद बंद केले ते त्यासाठीच. कागदावरची अक्षरं मोठी करता येत नाहीत, स्क्रीनवरची येतात. मी म्हटलं, तुम्हा एकट्यालाच स्क्रीन दिली तर तुम्ही समजाल, म्हणून सगळ्यांनाच दिली. सगळी कचेरी त्यावरून माझ्या नावाने बोटं मोडतेय. तुम्हीही त्यातलेच निघालात."

काका हळूच खाली बसले. एवढे दिवस ज्या गोष्टीला ते आपल्या गळ्यातला फास समजत होते, ती कुणीतरी त्यांच्यासाठी सोडलेली दोरी होती, आणि ती सोडणाऱ्या बाईच्या गालाला ते सकाळपासून टोचत होते.

"बाई, ते शुद्धलेखनाचं मी..."

"त्याचं बघू आपण," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला मऊपणा बराच कमी झाला. "सूचनांवर ते पेन कुणाचं, हे मी सगळ्यांना विचारत होते. मांडणीवाल्यांवर माझा संशय होता. त्यांच्याशी मी दोन महिने धड बोलले नाही. आता यापुढे माझी सगळी पत्रं आधी तुमच्याकडे येतील. आणि मी फार पत्रं लिहिते, काका."

मीटिंगमध्ये कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग कामाची वाटणी झाली. काकांच्या वाट्याला नेहमीएवढी पुस्तकं आली आणि वर बाईंची पत्रं. शेवटी सगळ्यांनी 'येतो', 'निघतो', 'बराय' म्हटलं. आवाज एकेक करून गेले.

आता आपणही निघायला हवं, हे काकांना कळत होतं. पण निघायचं कुठून? त्यांनी माऊस थोडा सरकवला, तर निळा गाल निसटला आणि काळोख आला. मीटिंग संपली की चालू आहे, हे त्या काळोखावरून कळायला मार्ग नव्हता. संगणकातली बाई काही सांगू शकली असती, पण नेमकी आता तीही गप्प होती. काकूंनी भुवया उंचावून विचारलं. काकांनी खांदे उडवले. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

त्या दिवशी त्या घरात कुणी बोललं नाही. काकूंनी जेवायला हाताने खूण केली. काका कॅमेऱ्याकडे पाठ होऊ नये म्हणून तिरके तिरके चालत स्वयंपाकघरात गेले. आमटीत मीठ नव्हतं, पण ते मागायची खूण दोघांनाही ठरवता आली नाही. दुपारी काकांना खुर्चीतच डुलकी लागली. आपण घोरलो तर, या भीतीने ते लगेच जागे झाले. काकूंना तीनदा शिंक आली. तिन्ही वेळा त्यांनी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

दिवेलागणीला मेहुणा आला. दोघं स्क्रीनसमोर ताठ बसलेले आणि स्क्रीनवर मिट्ट काळोख, हे बघून तो दारातच थबकला.

"कोणी गेलं का?" त्याने विचारलं.

काकूंनी दोन्ही हातांनी त्याला गप्प केलं आणि कागदावर लिहून सगळं सांगितलं. मेहुणा हसला. त्याने स्क्रीनकडे लांबूनच एक नजर टाकली.

"अगं ताई, ही कधीच संपली. लोक गेले की आपोआप बंद होते ती. बोला बिनधास्त."

दिवसभर धरलेलं धरण फुटलं. "मेल्या, तुझ्या त्या भिंगाला आग लाव आधी," काकू म्हणाल्या. "सकाळपासून माझ्या जिवाला घोर लावून ठेवलास. आणि ती बाई. मला वाटलं, कजाग असेल. तर बाई सोन्यासारखी निघाली. त्या सोन्यासारख्या बाईच्या थोबाडावर मी ओलं फडकं फिरवलं. आता उद्या हे कुठल्या तोंडाने कामाला जाणार? बोलते मात्र फार हं. जरा आवरतं घेतलं असतं तर आमची आमटी तरी..."

"काकू," स्पीकरमधून आवाज आला, "मी अजून इथेच आहे."

मेहुणा दोन पावलं मागे सरला आणि दाराबाहेर निघून गेला. बूट त्याच्या हातात होते.

काका सावरून बसले. "बाई, तुम्ही सकाळपासून इथे आहात?"

"तुम्ही जायची वाट बघत होते. मी बाहेर पडले की सगळ्यांचंच बंद होतं म्हणे. तुम्ही आत बसलेले असताना मी कसं बंद करणार? आजच्या दिवशी तुम्हाला घालवून दिल्यासारखं दिसलं असतं."

"आणि मला बाहेर पडायचं बटण सापडत नव्हतं," काका म्हणाले.

"मग विचारायचं नाही का?"

"तुम्ही आहात की नाही, तेच दिसत नव्हतं."

मग बाई म्हणाल्या, "माऊस अगदी खाली न्या. टेकेपर्यंत. आता उजवीकडे. तिथे लाल बटण आहे."

"मला सगळे रंग उलटे दिसतात."

"लालचं उलटं काय असतं?"

"थांबा. आकाशी असावं." काका माऊस बोटाबोटाने सरकवत होते. एक वेलांटी आली, अर्धी मात्रा आली, एक लांबलचक पट्टी आली. मग डोळ्यांच्या कडेला, जिथे त्यांना नीट दिसायचं तिथे, एक आकाशी कोपरा उगवला. त्यांनी नजर त्याच्यावर न रोखता, त्याच्या शेजारी रोखली. सगळं बटण स्वच्छ दिसलं. दिवसभरात त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी सापडलेली ही पहिली वस्तू होती.

"सापडलं," ते म्हणाले.

"नक्की? माझा तीळ नाही ना?"

"नाही बाई. हे मोठं आहे."

"मग दाबा. उद्या या वेळेवर."

काकांनी दाबलं. आकाशी गेलं. खोलीत आता फक्त पंख्याचा आवाज राहिला. काकूंनी बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"गेल्या?" त्यांनी विचारलं.

"गेल्या असाव्यात," काका म्हणाले.

पण हे दोघंही कुजबुजतच बोलले.